पान आणि झाड : मेळघाट-वऱ्हाडातील माता-बाल आरोग्यविषयक लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९३ साली येथील बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर पोहोचल्या आणि तेव्हापासून 'मेळघाट' व 'कुपोषण' हे दोन शब्द मराठीत जवळजवळ समानार्थी होऊन बसले. त्यानंतरच्या तीन दशकांत या विषयावर मराठीत विपुल लेखन झाले. वृत्तपत्रांतील लेखमाला, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, शासननिर्णय, न्यायालयापुढील प्रतिज्ञापत्रे, विद्यापीठीय प्रबंध असा त्याचा विस्तार आहे. या लेखनाची तपासणी आरोग्यशास्त्राच्या किंवा प्रशासनाच्या अंगाने होते. एक भाषिक व्यवहार म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तसे पाहावयाचे आहे. या लेखनात मूल कोठे उभे आहे, आई कोठे उभी आहे आणि वाक्याचा कर्ता कोण आहे, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा वाटतो. परंतु शासननिर्णयातील एका उपवाक्यावर एखाद्या बाळंतिणीला साहाय्य मिळणार की नाही हे ठरते, म्हणून तो केवळ व्याकरणाचा राहत नाही.

'कोवळी पानगळ' : शीर्षक आणि त्याचा अर्थ

या लेखनातील सर्वांत प्रभावी दस्तऐवज म्हणजे 'कोवळी पानगळ' हा अहवाल. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने राज्याच्या विविध भागांतील स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, त्यांनी आपापल्या क्षेत्रांतील जन्म-मृत्यूंची प्रत्यक्ष नोंद केली आणि त्यावरून महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावत असावीत असा अंदाज मांडला. सरकारी नोंदींत दिसणारी संख्या त्याच्या कितीतरी खाली होती. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याच विषयावर लिहिले. शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. एखाद्या मराठी अहवालाने इतक्या अल्प काळात शासनास हलविल्याची उदाहरणे फार नाहीत.

या यशात शीर्षकाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. 'बालमृत्यू' या शब्दाने जे साधत नव्हते ते 'कोवळी पानगळ' या प्रतिमेने साधले. मात्र प्रतिमेची चिकित्सा करू जाता तिच्यातील एक ताण लक्षात येतो. पानगळ ही ऋतुचक्रातील घटना आहे. तिला कोणी जबाबदार नसते. 'कोवळी' हे विशेषण या नैसर्गिकतेला छेद देते, कारण कोवळे पान आपणहून गळत नाही. ते गळाले तर झाडाला काही झाले आहे असे समजावे लागते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पराटीवर लाल्या पडला, पाने तांबडी होऊन गळू लागली, की तो पान हातात घेऊन बसत नाही; झाडाला जमिनीतून काय मिळाले नाही याचा विचार करू लागतो. म्हणजेच शीर्षकाच्या पोटात झाडाकडे, अर्थात आईकडे, जाणारी वाट होती. अहवालानंतर जे सार्वजनिक चर्चाविश्व उभे राहिले त्याने ती वाट फारशी घेतली नाही. त्याने पाने मोजली.

मोजणे आवश्यकच होते. मृत्यू दडतात कसे, हे पाहिले तर त्याची निकड कळते. जन्मल्यानंतर काही मिनिटे श्वास घेतलेले मूल 'उपजत मृत' म्हणून नोंदविले की जन्म आणि मृत्यू दोन्ही कागदावरून जातात. सपाटीवरच्या गावांत पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरच्या अंगणवाडीत गरोदरपणाची नोंद असते, माहेरच्या गावात बाळंतपणाची, आणि मधल्या पंधरवड्यात मूल दगावले तर ते कोणत्याच यादीत सापडत नाही. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. तेवढे महिने त्यांची मुले अंगणवाडीच्या नोंदवहीत 'स्थलांतरित' या एका शब्दात असतात. हे सर्व उजेडात आणण्याचे श्रेय अहवालाचे व त्याच परंपरेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे.

आक्षेप आहे तो मोजणीच्या आरंभबिंदूला. कुपोषणाच्या व्यवहारात वजनकाटा हे प्रमुख साधन ठरले. पूर्वी मुलांच्या 'श्रेणी' असत, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले मूल म्हणजे धोक्याचे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानके आली आणि 'सॅम', 'मॅम' ही आद्याक्षरे अंगणवाडीच्या बोलीत रुळली. तोल बदलला तरी काटा जन्मानंतरच हाती येतो. मूल अडीच किलोच्या आत जन्माला आले असेल, तर त्याच्या आयुष्यातील एक निर्णायक घटना काट्यापूर्वीच घडून गेलेली असते. ती आईच्या शरीरात घडते : तिचे विवाहसमयीचे वय, तिचे रक्त, तिचे ताट, दोन बाळंतपणांतील अंतर आणि सातव्या-आठव्या महिन्यातही न सुटणारे निंदण-वेचणीचे काम यांत.

एकाच गावांतली दोन निरीक्षणे

हा मुद्दा गडचिरोलीच्याच संशोधनावरून स्पष्ट होतो. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला घरोघरी नवजात बाळसेवेचा अभ्यास सर्वश्रुत आहे. ३९ गावांतील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात अर्भकाची काळजी घेतली, जंतुदोषावर उपचार केले आणि तिसऱ्या वर्षाअखेर तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या प्रारूपावरून २०११ मध्ये देशभर 'आशा' कार्यकर्तीच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात भेटी, ४२ व्या दिवसापर्यंत, हे वेळापत्रक आज मेळघाटातील आशाताईला तोंडपाठ असते.

याच गावांत, याच आरोग्यदूतांच्या साहाय्याने, ७७२ स्त्रियांचे बाळंतपण व त्यानंतरचा काळ यांचेही निरीक्षण झाले होते. ते २००४ मध्ये एका ब्रिटिश स्त्रीरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक स्त्रियांना बाळंतपणात किंवा बाळंतकाळात काही ना काही आजार वा गुंतागुंत झाल्याचे त्यात आढळले. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठेवले होते. घर एक, बाज एक, निरीक्षक एकच. तरीही अर्भकाचे निष्कर्ष राष्ट्रीय धोरण झाले आणि आईचे निष्कर्ष मुख्यतः अभ्यासकांच्या संदर्भसूचीत राहिले. गृहभेटीच्या पत्रकात आईसाठी रकाने आहेत हे खरे. पण कार्यक्रमाचे नाव आणि त्याच्या यशाचे माप दोन्ही अर्भकाच्या हिशेबाने ठरलेले आहेत, आणि जे मापले जाते त्याकडेच कामाचा ओढा असतो.

या काळात राज्याची प्रगती झाली नाही असे कोणी म्हणणार नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २००५ मध्ये हजारी ३६ होता, तो २०२० मध्ये १६ झाला. मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मधील लाख जिवंत जन्मांमागे १३० वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. याच कालखंडाच्या शेवटी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांत होत असल्याचे दिसते. परंतु त्याच पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. बाई दवाखान्यात पोहोचली, मूल वाचू लागले, आणि बाईचे रक्त मात्र वाढले नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्या अहवाललेखनाला अद्याप लागलेली नाही.

'लाभार्थी' या शब्दाचे व्याकरण

शासननिर्णयांत आई येते ती 'लाभार्थी' म्हणून. हा शब्द निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्यामागे अटींची एक मालिका उभी असते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांतील दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांना साहाय्य होते ते वय किमान १९ वर्षे आणि दोन जिवंत अपत्यांपर्यंत. या अटी मे २०१३ मध्ये काढण्यात आल्या. त्याआधीची आठ वर्षे ज्या स्त्रीला धोका सर्वाधिक, म्हणजे सतराव्या वर्षी पहिलटकरीण झालेली मुलगी किंवा चौथ्या खेपेची बाई, तीच व्याख्येच्या बाहेर होती. बालविवाह होऊ नये, कुटुंब मर्यादित असावे, हे हेतू स्तुत्यच आहेत. पण त्यांची अंमलबजावणी बाळंतिणीच्या हाती पडणाऱ्या पैशांतून करू पाहणे म्हणजे सासऱ्याचा दंड सुनेकडून वसूल करण्यासारखे होते.

अमरावती जिल्ह्याला या बाबतीत एक विशेष स्थान आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातील निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातून अमरावती व भंडारा हे जिल्हे निवडले गेले. गरोदरपणात व बाळंतपणानंतर बुडणाऱ्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून चार हजार रुपये हप्त्यांनी द्यावयाचे होते. बाईच्या मजुरीचे मोल शासकीय भाषेत उच्चारले गेले, हे या योजनेचे वेगळेपण. मात्र १९ वर्षे व दोन अपत्ये ही अट येथेही आली, आणि हप्ते नोंदणी, तपासणी, लसीकरण, स्तनपान यांच्या पूर्ततेला बांधले गेले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. नियमित सरकारी नोकरीतील स्त्रियांसारखे थोडेच अपवाद ठेवले. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या जिवंत अपत्यापुरता आणि पाच हजारांपुरता आक्रसला. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार, अशी भर पडली. 'प्रत्येक' या शब्दाचा 'पहिल्या' असा झालेला प्रवास कायद्याच्या अभ्यासकांइतकाच भाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे.

योजनांना दिलेली नावेही बोलकी आहेत. आदिवासी भागात बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे यासाठी उभारलेल्या निवासाला 'माहेरघर' म्हणतात. कल्पना योग्यच आहे. पावसाळ्यात सिपना, गडगा यांना पूर आला की ऐन वेळी वाहन पोहोचत नाही, म्हणून आधीच येऊन राहणे शहाणपणाचे. पण माहेर या शब्दात मराठी स्त्रीला जे ऐकू येते ते कोरकू स्त्रीला ऐकू येईलच असे नाही. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. आणि घरी राहिलेली दोन लहान मुले, शेळ्या, चूल यांची तजवीज झाल्याशिवाय कोणत्याही भाषेतल्या बाईला त्या खोलीत स्वस्थ झोप लागणार नाही. उलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेचे नाव आलंकारिक असले तरी तिच्या रचनेत एक व्यवहारज्ञान आहे. शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्री व सहा महिन्यांपर्यंतची स्तनदा माता यांना दिवसातून एकदा शिजवलेले चौरस जेवण अंगणवाडीत द्यावयाचे. घरी नेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो आणि बाई शेवटी जेवते, हे ज्याने ओळखले त्यानेच ही योजना लिहिली असावी. तिची अंमलबजावणी हा वेगळा विषय. निदान तिच्या मसुद्यात जेवणारी बाई दिसते.

चरित्रनायक आणि पार्श्वभूमी

मेळघाटविषयक मराठी लेखनाचा आणखी एक मोठा प्रवाह म्हणजे डॉक्टरांच्या त्यागाचे चरित्रलेखन. बैरागडला १९८० च्या दशकापासून काम करणारे व २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरविले गेलेले डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे, धारणीजवळ उतावली येथे 'महान' संस्थेद्वारे रुग्णालय व गावपातळीवरील बालसेवा उभी करणारे डॉ. आशिष सातव यांच्यावर विपुल लिहिले गेले आणि ते त्यास सर्वथा पात्र आहेत. दोष त्यांच्याकडे नाही, लिहिणाऱ्यांच्या दृष्टीकडे आहे. अशा लेखांत डोंगर, पाऊस, खाचखळग्यांचा रस्ता आणि कोरकू बाई या चार गोष्टी एकाच परिच्छेदात, एकाच दर्जाने येतात. नंतर डॉक्टर येतात आणि कथा सुरू होते. तिने कोणता निर्णय घेतला, कोणाशी भांडून दवाखाना गाठला, परत का गेली, हे लेखकाने विचारलेले नसते. भूमकाकडे जाणे किंवा पोट फुगलेल्या बाळाला डागणी देणे ही तिची 'अंधश्रद्धा' म्हणून नोंदविली जाते. त्या रात्री दुसरा कोणता इलाज हाताशी होता, हा प्रश्न मागेच राहतो.

याच मातीतील ललित लेखनाने मात्र हे भान फार पूर्वी दाखविले होते. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विषय आरोग्य नव्हे. पण नवऱ्याचा महारोग, पोरांची पोटे आणि रोजची मजुरी हे सारे कौतिक या एका बाईच्या देहावरून कसे जाते आणि अखेर तिचे मन कसे ढासळते, हे शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीत असे मांडले की कुटुंबातील कोणाचेही आजारपण तिला वगळून वाचताच येत नाही. 'धग'वर वाङ्मयीन चर्चा भरपूर झाली. वऱ्हाडातील समाजशास्त्राच्या, गृहअर्थशास्त्राच्या आणि परिचर्येच्या वर्गांत ती वाचली गेली तर अधिक बरे.

सपाटी

'धग'चा उल्लेख दुसऱ्या कारणानेही आवश्यक आहे. ती सपाटीवरच्या गावाची कथा आहे, आणि मेळघाटावर केंद्रित झालेल्या चर्चेने सपाटी झाकली गेली. 'कोवळी पानगळ'ने तर स्पष्टच म्हटले होते की बालमृत्यू ही केवळ आदिवासी भागाची समस्या नाही. तरी अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग, म्हणजे दोन्ही शहरांतील जिल्हा स्त्री रुग्णालये, यांत दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतून येणाऱ्या बाळंतिणींबद्दल मराठीत लेखमाला निघत नाहीत.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे याचे ठळक उदाहरण. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात विहिरी-कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त आहे. मूत्रपिंडाच्या विकारांसंबंधी येथे वारंवार बोलले जाते, आणि ते पुरुषाच्या आजारपणाच्या अंगाने. बांगलादेशच्या किनारी भागात, दाकोप येथे, पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब यांचा संबंध संशोधकांनी तपासला व तो आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील क्षार आणि पूर्णाकाठचे क्षार एकसारखे नाहीत, म्हणून तो निष्कर्ष उचलून येथे लावता येणार नाही. पण प्रश्न उचलता येतो. गरोदर स्त्रीचा रक्तदाब आणि तिच्या घरचे पाणी या दोन नोंदी जोडून पाहणे हे या परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातले काम आहे.

डोंगर आणि सपाटी यांच्या सांध्यावर तर प्रश्न अधिक बिकट होतो. व्याघ्र प्रकल्पातील केलपाणी, गुल्लरघाट, धारगड आदी गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा परिसरात झाले. आरोग्यसेवेसह अनेक सोयी मिळाल्या नाहीत, नव्या जागी माणसे दगावली, अशा तक्रारी करत हे विस्थापित पुन्हा जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनकर्मचाऱ्यांशी हिंसक संघर्ष झाला. बातम्यांचा मथळा वाघ आणि माणूस असा होता. त्या गावांतील गरोदर स्त्रियांचा जिल्हा बदलला, अंगणवाडी बदलली, भोवतालची भाषा बदलली, रानातली भाजी व मोह सुटला. या बदलाची नोंद ठेवण्याची जबाबदारी अमरावतीची की अकोल्याची, हे मथळ्यात मावणारे नव्हते.

मृत्यूनंतरची कथा

मेळघाटातील मृत्यूंवर मुंबई उच्च न्यायालयात २००७ सालची जनहित याचिका वर्षानुवर्षे चालली; प्रत्येक सुनावणीला आकडे सादर झाले. हे आकडे जेथून येतात त्या दस्तऐवजाकडे, म्हणजे मृत्यू अन्वेषणाच्या पत्रकाकडे, शेवटी वळले पाहिजे. दवाखान्याबाहेर झालेल्या मृत्यूची कारणे घरच्यांना विचारून ठरवितात, त्यास मौखिक शवपरीक्षा म्हणतात. माता दगावली असल्यास निर्णय घेण्यातील, पोहोचण्यातील आणि उपचार मिळण्यातील असे तीन विलंब शोधायचे असतात. पत्रकात कथनासाठी काही मोकळ्या ओळी ठेवलेल्या असतात. तेथे बोलतो तो बहुधा नवरा किंवा सासू, कारण ती स्वतः उरलेली नसते. मूल गेले असेल आणि आई समोर असेल, तरी पुष्कळदा तिच्या वतीने तेच बोलतात. सांगणे कोरकूत होते, मध्ये कोणी हिंदीत समजावते, आशाताई मराठीत लिहिते, आणि तालुक्याला त्याचे एका आंतरराष्ट्रीय संकेतांकात रूपांतर होते. मोकळ्या ओळींत काय लिहिले होते ते संकेतांकाबरोबर पुढे जात नाही. वैद्यकशास्त्राला संकेतांक पुरेसा असेल. पण कोणत्या घटकेला, कोणी, काय ठरविले, हे त्या ओळींतच असते, आणि त्या वाचायला वैद्यकाची पदवी लागत नाही.